परमिट रूमची रोजची मंडळी

परमिट रूम ही पाटी आपण रस्त्याने जाता-येता इतक्यांदा वाचतो, की तिचा अर्थ विचारायचे राहूनच जाते. कसला परमिट, आणि कुणाला? कळंबोली सर्कलवरून रोडपालीकडे निघा, तळोज्याकडे जा नाहीतर पनवेल गावात शिरा, ही पाटी भेटतेच. अलीकडे मात्र तिची अक्षरे बारीक होत चालली आहेत. वर झगमगीत अक्षरांत ‘लाउंज’ किंवा ‘किचन अँड बार’ असे काही तरी असते आणि ‘परमिट रूम’ हे दोन शब्द कायद्याला दाखवण्यापुरते कोपऱ्यात. आतली रेक्झिनची बाकडी गेलेली असतात, पांढरी ट्यूबलाइट गेलेली असते. भिंतीला विटांचे चित्र असलेला कागद, छताला रंग बदलणारे दिवे, टेबलावर मेन्यूकार्डाऐवजी क्यूआर कोडचा चौकोन. मालकाने कर्ज काढून हे सगळे केलेले असते. आणि मग त्याची तक्रार सुरू होते : शनिवारी नवी पोरे येतात, पण सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी सातला येणारी मंडळी गेली कुठे?

ऐकणाऱ्याला हा प्रश्न निव्वळ धंद्याचा वाटेल. पण पनवेल-उरणच्या पट्ट्यात त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. या भागात पिण्याच्या जागेचे रूप अनेकदा बदलले. बहुतेक वेळा ते मालकाच्या हौसेने नव्हे, सरकारच्या कायद्याने बदलले. आणि प्रत्येक वेळी रोजचे गिऱ्हाईक उठून दुसरीकडे गेले. मी इथे दारूची वकिली करायला आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या पट्ट्यात कमी नाहीत. पण माणसे कुठे बसतात, कुणाबरोबर बसतात आणि तिथून का उठतात, हादेखील समाजाच्या इतिहासाचाच भाग आहे.

सुरुवात करू या झाडापासून. कोकणपट्टीत माडी आणि ताडी काढण्याचा धंदा भंडारी समाजाचा. झाडावर चढायचे, पोगीला छेद द्यायचा, मडके बांधायचे आणि सकाळी उतरवायचे. भातशेतीत आणि मिठागरांत राबणारी माणसे झाडाजवळच येऊन ती पीत. पिणारा आणि काढणारा एकमेकांना ओळखत. पैसे नसले तर भात चाले, तेही नसले तर पुढच्या वेळी. जागा म्हणावी तर फार तर एखादा झापांचा मांडव. दुसरीकडे उरणला मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्या होत्या. त्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या आणि त्यांचा माल मुंबईपर्यंत जाई. त्या काळी पनवेल आणि उरण ठाणे जिल्ह्यात मोडत. आजच्या रायगडची, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची, हद्द नंतर इथवर आली.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड हा अबकारी खात्याचा कर्तबगार अधिकारी होता. सरकारला हिशेब सोपा करायचा होता. हजारो झाडांखाली होणाऱ्या विक्रीवर कर कसा वसूल करणार? त्यापेक्षा मोजक्या भट्ट्या, ठरावीक मक्तेदार आणि परवान्याची दुकाने बरी. मग प्रत्येक झाडावर कर बसला आणि तो वाढत गेला. परवान्याशिवाय झाडाला छेद देणे हा गुन्हा ठरला. माडीपासून दारू गाळण्याच्या जुन्या वहिवाटीवर बंधने आली. भट्टीची मोहाची दारू सरकारमान्य झाली, आणि पिणाऱ्याला झाडाखालून उठून दुकानात जावे लागले.

या पट्ट्यातल्या पिण्याच्या जागेचे हे पहिले नूतनीकरण. दुकान नवे, परवाना नवा, माल जास्त कडक, दर चढा, आणि गल्ल्यावर मक्तेदाराचा अनोळखी माणूस. मडक्यातल्या माडीचे हिशेब त्याला ठाऊक नव्हते आणि ठेवायचेही नव्हते.

गिऱ्हाइकाने काय केले? १८८६च्या सुमारास ठाणे आणि कुलाबा भागात शेतकरी जातींच्या पंचायतींनी शपथा घालून दारू सोडायला लावली. गावेच्या गावे दुकानाकडे फिरकेनाशी झाली. याला व्यसनमुक्तीची चळवळ म्हणता येईल आणि ती होतीही. पण तिच्या मुळाशी सरकारवरचा आणि मक्तेदारावरचा रागही होता. आमच्या झाडाची आमच्या माणसाने काढलेली माडी बंद करून चढ्या दराची भट्टीची दारू गळ्यात मारता, तर मग आम्ही काहीच पीत नाही, असा तो पवित्रा. लाट ओसरली आणि माणसे पुन्हा पिऊ लागली हे खरे. तरीही एका दुकानाची सगळी रोजची मंडळी एकजुटीने उठून गेल्याचा इतका मोठा प्रसंग पुढच्या काळात सापडत नाही. हल्ली आगरी-कोळी समाजातली काही मंडळी हळदीच्या कार्यक्रमातली दारू बंद करा म्हणून गावोगाव सांगत असतात. ती ऐकताना मला १८८६ आठवते.

पुढे १८९२मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला. फुले गोळा करणे आणि साठवणे यावरच निर्बंध आले, कारण घरोघरी गाळल्या जाणाऱ्या दारूमुळे परवान्याचे दुकान चालत नव्हते. रानात आपोआप पडणाऱ्या फुलावर कायदा करावा लागावा, यातच सरकारी दुकानाची स्थिती समजते.

१९३९च्या १ ऑगस्टला बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. ती प्रत्यक्षात फार टिकली नाही. खरी दारूबंदी आली स्वातंत्र्यानंतर. १९४९चा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५०पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे, असा वैद्यकीय दाखला ज्याला मिळे त्याला परवाना मिळत असे. असा परवानाधारक सर्वांदेखत पिऊ नये, म्हणून काही हॉटेलांत एक बंद, पडदे लावलेली खोली राखून ठेवली जाई. ती परमिट रूम. नाव आजारी माणसाच्या खोलीचे, आणि पुढे ते अख्ख्या महाराष्ट्राच्या बारला चिकटले.

ज्यांना डॉक्टर परवडत नव्हता, ते आंटीकडे गेले. मुंबईत वांद्र्याला, धोबी तलावाला, गिरगावात या आंट्यांच्या घरच्या खोल्यांत दोन-चार बाकडी असत, भिंतीवर येशूची तसबीर असे आणि आतल्या पडद्यामागून ग्लास येई. पनवेल-उरणच्या खाड्यांत तिवरांच्या आडोशाने हातभट्ट्या लागल्या. गंमत अशी, की दारूबंदीने पिणाऱ्याला पुन्हा १८७८च्या आधीच्या जागी नेऊन बसवले : ओळखीच्या माणसाकडे, उधारीवर, परवान्याशिवाय. फरक एवढाच, की माडीऐवजी आता नवसागर होते, आणि त्याने माणसे आंधळी होत, मरत.

वसंतराव नाईक १९६३च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. त्यानंतर दारूबंदीचा दोर हळूहळू सैल होत गेला. १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले. सरकारमान्य देशी दारूचे दुकान आणि परमिट रूम या दोन जागा, ज्यांत आजवर महाराष्ट्र पितो आहे, त्या तेव्हा पक्क्या झाल्या. पहिलीला अबकारीच्या भाषेत सीएल-३ म्हणतात, दुसरीला एफएल-३. दोहोंमधले अंतर कागदावरच्या आकड्यांपेक्षा बरेच मोठे आहे. देशीच्या दुकानात माणूस उभ्याने पिऊन निघतो. परमिट रूममध्ये तो बसतो.

याच सुमारास रोडपालीच्या आसपासची जमीनही बदलत होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. कासाडी नदीकाठची भातखाचरे असलेले रोडपाली त्यातच आले. या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा, जानेवारी १९८४मधला जासईचा गोळीबार, त्यात गेलेले पाच जीव आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के भूखंडांची योजना हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते एवढेच, की शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, कळंबोलीला लोखंड बाजार आला, ट्रक आले, माथाडी कामगार आले, पाळीचे कामगार आले. शेत गेलेला गावकरीही होताच. या सगळ्यांना संध्याकाळी बसायला जागा हवी होती, आणि ती बहुधा दक्षिण कन्नडमधून आलेल्या शेट्टी मंडळींनी दिली. उडुपी हॉटेलातून परमिट रूमकडे वळलेली ही मंडळी मुंबईइतकीच या पट्ट्यातही दिसतात.

ही जुनी परमिट रूम नीट पाहिली पाहिजे. दिसायला ती भयाण असे. काळोखी, ओलसर, सिगारेटच्या धुराने पिवळी पडलेली. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी तर २००८च्या २ ऑक्टोबरला आली. पण तिचे काही अलिखित नियम होते. चखणा फुकट : फुटाणे, शेंगदाणे, मीठ लावलेली काकडी, कधी उकडलेल्या हरभऱ्यांची वाटी. वेटरला तुमची नाइंटी आणि तुमचा सोडा पाठ. पगाराआधीचे चार दिवस खात्यावर. आणि जास्त झाली असे दिसले की तोच वेटर सांगे, ‘शेठ, आता बस, घरी जा.’ या शेवटच्या वाक्याला मी फार किंमत देतो. कुणी तरी ओळखीचा माणूस तुमच्या पेल्यांवर नजर ठेवून असे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एसी आणि नॉन-एसी हे दोन विभाग. तीच बाटली, तोच स्वयंपाकघरातला माणूस, पण काचेच्या दारापलीकडे दर जास्त. कॉन्ट्रॅक्टर आणि अधिकारी आत, ड्रायव्हर आणि हमाल बाहेर. भेदभाव म्हणा हवा तर. पण या भेदामुळेच एका छपराखाली दोन्ही प्रकारची माणसे परवडत होती. नूतनीकरणात पहिला बळी जातो तो नॉन-एसीचा. भिंत पाडली जाते, सगळीकडे गारवा येतो आणि सगळीकडे आतला दर लागू होतो. जुने गिऱ्हाईक भांडत नाही. ते एकदा येते, बिल बघते आणि परत येत नाही.

इंग्लंडात हे आपल्याआधी घडून गेले. तिथल्या पबमध्येही ‘पब्लिक बार’ आणि ‘सलून बार’ असे दोन भाग असत. कामगार पहिल्यात, जरा बरे कपडे घातलेले दुसऱ्यात, आणि दुसऱ्यात बिअर किंचित महाग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या बिअर कंपन्यांनी पबमधल्या या भिंती पाडून एकच मोठा दिवाणखाना केला. कंपन्यांच्या कारखानी बिअरविरुद्ध गिऱ्हाइकांची रीतसर संघटना १९७१मध्ये उभी राहिली आणि ती आजही आहे. जॉर्ज ऑर्वेलने तर १९४६मध्येच आपल्या आवडत्या पबवर एक लेख लिहिला होता. तिथे बोलणे ऐकू येण्याइतकी शांतता असते आणि काउंटरवरच्या बाया गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात, असे वर्णन करून शेवटी तो सांगतो, की असा पब अस्तित्वातच नाही. त्या काल्पनिक पबचे नाव पुढे एका मोठ्या साखळी कंपनीने आपल्या अनेक पबना देऊन टाकले! रोडपालीच्या परमिट रूमवर कुणी लेख लिहिला नाही, पण पडलेल्या भिंतीची जात तीच आहे.

आपल्याकडे मात्र भिंत पडण्याआधी आणखी एक वळण आले. गेल्या शतकाच्या अखेरीस महामार्गावरच्या अनेक परमिट रूमनी एसीच्या विभागात ऑर्केस्ट्रा आणला, मग नाच आणला. मुंबई-पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता आणि २००२पासून पूर्ण सुरू झालेला द्रुतगती मार्ग यांच्या तोंडाशी असलेले पनवेल या डान्स बारसाठी राज्यभर गाजले. चार तास बसून नाइंटी पिणाऱ्याला त्या झगमगाटात कोण विचारणार? एका रात्रीत लाख उधळणारा हवा होता. रोजची मंडळी पुन्हा एकदा उठली.

पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी २००५च्या मार्चमध्ये विधानसभेत डान्स बारच्या प्रश्नावर लक्षवेधी सूचना मांडली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कायदा लागू झाला. एप्रिल २००६मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, जुलै २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१४ आणि २०१६मध्ये सरकारने पुन्हा कायदे केले आणि जानेवारी २०१९मध्ये न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी सैल केल्या. या वादात ७५ हजार स्त्रियांच्या रोजगाराचा आकडा न्यायालयात मांडला गेला. संसार मोडल्याची कैफियत घेऊन दुसऱ्या बाजूलाही स्त्रियाच उभ्या होत्या. बार-मालक मात्र चौदा वर्षे एकाच चिंतेत : आता या सजवलेल्या खोलीचे करायचे काय? कुणी तिला ‘फॅमिली रेस्टॉरंट’ म्हटले. पण नाचाचा बार म्हणून जिचे नाव झाले, तिथे बायकामुलांना घेऊन कोण येणार? आणि जुना ड्रायव्हर, जुना माथाडी यांना तर तिचे दार कधीच परके झाले होते.

त्यातच १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ला तो लागू झाला. रस्त्यावरचे अपघात पाहता आदेशामागचा हेतू कुणीही नाकारणार नाही. पण कळंबोली-पनवेल हा परिसर म्हणजे महामार्गांचीच वीण. कुठूनही ५०० मीटर मोजले तरी एखादा रस्ता आडवा येतो. देशभर पळवाटा निघाल्या. केरळात एका बारने आवारातच नागमोडी वाट बांधून चालण्याचे अंतर वाढवले! पुढे जुलै २०१७मध्ये न्यायालयाने खुलासा केला, की महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आड येत नाही. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ला स्थापन झाली होती आणि रोडपाली, कळंबोली तिच्यात आली होती. ग्रामपंचायत जाऊन महापालिका येण्याचे परिणाम नळ आणि गटारांपुरतेच नसतात, ते असे.

मग टाळेबंदी. मे २०२०मध्ये दारूची दुकाने उघडली आणि रांगा लागल्या. परमिट रूम मात्र ५ ऑक्टोबरपर्यंत बंद होत्या. या पाच महिन्यांत रोजच्या गिऱ्हाइकाला दुकानातली छापील किंमत आणि बारमधले बिल यांतला फरक नीट उमगला. तो घरी पिऊ लागला. घरच्या बाईच्या दृष्टीने हा बदल कसा आहे, हे कुणी विचारत नाही. पूर्वी तो उशिरा येई, आता तो समोरच बसतो. ‘आता बस’ म्हणणारा वेटरही नाही. ते काम तिच्यावर किंवा मोठ्या मुलीवर आले. शेजारच्या खारघरमध्ये नागरिकांनी वर्षानुवर्षे बार येऊ दिले नाहीत, राज्यात ठिकठिकाणी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. त्यांच्या विजयात मला शंका नाही. बसण्याची जागा गेली तरी पिणे जातेच असे मात्र नाही.

परमिट रूमच्या मालकावर आता रंगकामाच्या खर्चाइतकेच कराचे ओझे आहे. परमिट रूममधल्या मद्यावरचा मूल्यवर्धित कर २०२३मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जून २०२५मध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवले आणि १४ जुलैला बार-मालकांनी राज्यभर बंद पाळला. त्या शुल्कवाढीबरोबर १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमतही ठरली : देशी ८० रुपये, ‘महाराष्ट्र मेड’ या नव्या वर्गाची १४८ आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५. जुना नॉन-एसीवाला २०५च्या पायरीवरून खाली उतरतो आहे. १४८वर थांबतो की थेट ८०वर जातो, यावर परमिट रूमचे बरेच काही अवलंबून आहे, कारण देशीच्या दुकानात बाकडी नसतात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत राहणारी नवी पिढी लाउंजमध्ये येईल, महिन्यातून दोनदा येईल. रोज येणार नाही. तिला रोज बसायला तेवढा वेळही नाही.

जुनी मंडळी दुकानातून क्वार्टर घेतात आणि उड्डाणपुलाखाली, खाडीच्या कडेला, उभ्या ट्रकच्या आडोशाला बसतात. उघड्यावर पिणे हा गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक असते. १९४९चा कायदा महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने आजही लागू आहे, आणि त्यानुसार पिणाऱ्या प्रत्येकाजवळ, मग तो लाउंजमध्ये असो की पुलाखाली, परवाना असावाच लागतो. एका दिवसाचाही मिळतो : विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन.